तासाभराचा सरळ हात

कॅझ व्रोबेलने आठचा बॉल चुकवला तेव्हा कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बॉल टेबलाच्या खिशाच्या तोंडाशी होता, वीतभर लांब. बारमधल्या मंगळवारच्या लीगमध्ये काठीने पूल खेळणारा टोलेडोतला कुठलाही माणूस तीन बिअर पोटात घालून असा बॉल एका डोळ्याने मारतो. कॅझच्या पोटात दोनच होत्या. दोन गोळ्याही होत्या, पण त्या कोणाला ठाऊक नव्हत्या. पांढरा बॉल गेला, आठच्या बॉलला लागला, तो खिशाच्या कडेवर आपटला, घुटमळला आणि तिथेच थांबला, न बोलावलेला पाहुणा उंबऱ्यावर थांबतो तसा. समोरच्या टीमच्या माणसाने त्याला नुसतं बोट लावावं तसं आत ढकललं. आठचा शेवटी घालेल तो जिंकतो; हंगामातला चौथा सामना कॅझमुळे गेला.

मर्ल हॉजकिस टीमचा कॅप्टन. रेल्वेच्या यार्डात डबे जोडणारा, जाड मानेचा, तोंडाने फाटका पण मनाने बरा. त्याने काठीच्या टोकाला लावायचा खडू टेबलाच्या काठावर ठेवला आणि विचारलं,

"कॅझ, तुझी ती जुनी काठी आहे का रे अजून?"

"गॅरेजात आहे."

"पुढच्या मंगळवारी ती आण."

"आणि ही?"

"ही तुझ्या बायकोला, डोरीनला दे. पडदे लावायला."

टीममधले बाकीचे तेवढ्यावर हसले. कॅझने काठीचा पेच उलगडला, दोन तुकडे वेगळे केले, फडक्याने पुसले आणि चामड्याच्या नळीत एकेक करून सरकवले. तान्ह्या पोराला झोपवावं तसं. मर्लला तेच खुपलं.

"हरलास तू आणि लाड तिचे. नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. तुझं उलटंच. अंगण इतकं गुळगुळीत की पाय ठरत नाही."

कॅझचं उजवं कोपर आतून ठणकत होतं. त्याने कोट उजव्या हाताने न घालता डाव्याने ओढून घेतला आणि बाहेर पडला.

कॅझ काही ऐरागैरा खेळाडू नव्हता. अकरा वर्षांपूर्वी मोटारीचे दरवाजे ठोकून काढणाऱ्या कारखान्यात प्रेसने त्याचं उजवं कोपर चिरडलं. डॉक्टरने दोन स्क्रू घातले आणि म्हणाला, नशीब समज. हात राहिला, पण पुरता उघडेना. ताट वाढायला पुढे केलेला हात असतो ना, तेवढाच तो उघडायचा, त्यापुढे नेला की जीव जायचा. कारखान्याने त्याला गोदामात याद्या तपासायला बसवलं. दुसरा कोणी असता तर पूल सोडून टीव्हीसमोर बसला असता. कॅझने नाही सोडला. मागे धरायची काठी त्याने पार पुढे धरायला सुरुवात केली, जिथे कोणी धरत नाही तिथे, नक्षीच्याही पुढे. कोपर अंगापासून बाहेर काढून, कोंबडी पंख उचलते तसं. लांब झोका नाही, नुसता आखूड ठोसा. बघायला भयाण. पण बॉल जायचे. पहिल्या वर्षी लोकांनी नाव ठेवलं, व्रोबेलची कोंबडी. दुसऱ्या वर्षी कोंबडीने लीग जिंकून दिली. त्यानंतरही नाव तेच राहिलं, फक्त म्हणायची पद्धत बदलली.

एवढं सगळं असून माणसाला काय हवं असतं? ते पुस्तकांतले लोक, पोस्टरवरचे लोक, काळ्या जाकिटातले, पाठ सपाट, हनुवटी काठीवर, हात लंबकासारखा सरळ. कोणी ठरवलं की ते बरोबर आणि बाकीचे चूक? ज्यांचं कोपर कधी प्रेसखाली गेलं नाही त्यांनीच ठरवलं. आणि ज्यांचं गेलं त्यांनी निमूटपणे मान हलवली. कॅझ दर मंगळवारी जिंकायचा आणि दर मंगळवारी बारच्या आरशात स्वतःला बघायचं टाळायचा.

म्हणून त्याने एल्जिन प्रॅटरच्या यादीत नाव घातलं.

प्रॅटर म्हणजे शहराच्या दक्षिणेला, घरामागच्या शेडमध्ये काठ्या बनवणारा म्हातारा काळा माणूस. एकतीस वर्षं फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी साचे केले. लोखंड ज्या साच्यावरून ओततात तो साचा केसभरही चुकून चालत नाही, तशी नजर आणि तसे हात घेऊन निवृत्त झाला आणि काठ्यांच्या मागे लागला. वर्षाला सहा काठ्या, फार तर सात. मेपलचे चौकोनी दांडे छताला टांगलेले असायचे. चार महिन्यांनी एक दांडा खाली काढायचा, लेथवर चढवून कागदाएवढा पातळ पापुद्रा काढायचा, पुन्हा टांगायचा. लाकडाला आपलं मन असतं, कापलं की ते रुसतं, वळतं. चार महिने त्याला रुसू द्यायचं. वळलं तर चुलीत. नाही वळलं तर पुन्हा एक पापुद्रा. असं दोन-तीन वर्षं. दुकानातली काठी सकाळी लाकूड असते आणि संध्याकाळी खोक्यात. हातात घेतलेल्याला फरक सांगावा लागत नाही.

पण लोक अडीच-अडीच वर्षं यादीत थांबायचे ते त्यासाठीही नाही. थांबायचे ते एका तासासाठी.

प्रॅटरचा नियम होता. ज्याची काठी त्याने शेडमधल्या टेबलावर एक तास एकट्याने खेळायचं. काठी साधी, प्रॅटरची, तिच्या मागच्या अर्ध्या भागावर पांढरा कागद घट्ट गुंडाळलेला. खेळणाऱ्याने तळहाताला चुलीची काजळी लावायची. म्हातारा कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचा आणि तासभर अवाक्षर काढायचा नाही. तास संपला की कागद सोडवायचा. हात कुठे बसतो, किती घट्ट धरतो, बोटं पसरतात की मिटतात, सगळं त्या काळ्या डागांत. कागदावर नाव घालून भिंतीला टोचायचा. मग काठी त्या कागदावरून बेतायची. वजन कुठे, तोल कुठे, हात सरकू नये म्हणून गुंडाळतात तो दोरा कुठून कुठवर. शिंपी माप घेतो, पण शिंप्यासमोर माणूस नुसता उभा असतो. इथे माणूस खेळत असतो. जगात कोणीतरी तासभर फक्त आपल्याकडे बघतंय आणि त्यातून आपल्यासाठी एक वस्तू होणार आहे, ती दुसऱ्या कोणाच्या हाताला बसणार नाही, हे गोदामात याद्या तपासणाऱ्या माणसाला काय वाटत असेल, ते ज्याचं त्याला कळावं.

बोलावणं आलं तेव्हा कॅझने सकाळी दुखणं थांबवायच्या दोन गोळ्या घेतल्या, दारात पोहोचल्यावर तिसरी. शेडमध्ये गेला, काजळी लावली, पोस्टरवरच्यासारखा उभा राहिला आणि हात मागे नेऊन सरळ केला.

स्क्रू हाडात करकरले. बॉल गेला. दुसरा गेला. कॅझ जन्मात इतका सुंदर उभा राहिला नव्हता. तासभर तो दुसरा माणूस होता, ज्याला काही झालेलंच नव्हतं. तास संपला तेव्हा त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्याला वाटलं, परीक्षा पास झालो. त्या गाढवाला हे कळलं नाही की ही परीक्षा नव्हतीच. माप होतं.

दोन वर्षांनी काठी आली. मागचा भाग अंगभर बारीक डोळे असलेल्या मेपलचा, ऊन पडलं की ते डोळे हलल्यासारखे दिसायचे. त्यात आबनुसाची चार काळी टोकं, पेन्सिलीच्या अणीसारखी, एकीचीही लांबी दुसरीपेक्षा कमी नाही की जास्त नाही. पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा लिननचा दोरा. अगदी मागे शिंपल्याचे लहान तुकडे बसवलेले आणि त्यांच्याखाली प्रॅटरची सही, लाकडात डागलेली. कॅझने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि डोरीनने जेवणाची ताटं हातात घेऊन वाट बघितली.

"खायचं कुठे, मांडीवर?" ती म्हणाली.

"पाच मिनिटं."

"देखणी आहे बाई. माझ्या लग्नात मी एवढी नव्हते."

"होतीस."

"खोटं बोलतोस ते कळतं मला."

पहिल्याच मंगळवारी कळलं. कोंबडीसारखी धरली तर हात दोऱ्याच्या पुढे जाऊन गुळगुळीत पॉलिशवर पडायचा, घामाने सरकायचा. मागे उरलेलं वजन खाली ओढायचं आणि टोक वर उचलायचं, तराजूत चुकीचं माप टाकल्यासारखं. दोऱ्यावर हात ठेवला की काठी जिवंत व्हायची, पण तिथे हात न्यायचा तर कोपर उघडायला हवं. काठीला एकच माणूस ठाऊक होता, तो तासाभराचा.

शहाण्या माणसाने काठी नळीत घालून म्हाताऱ्याकडे नेली असती. कॅझने गोळ्या आणल्या. त्याने ठरवलं, काठी बरोबर आहे, मीच बदलतो. सात महिने झाले होते. तळघरात रोज अर्धा तास हात सरळ करायचा, दात आवळून. मंगळवारी दोन गोळ्या, मग तीन. जुनी चाल विसरत चालली होती आणि नवी येत नव्हती. पूल ही एकच गोष्ट त्याला नीट येत होती, ती हातची जात होती, आणि तो कोणाला सांगत नव्हता. काय सांगणार? की मी प्रॅटरला फसवलं?

आणि मग तो दातांचा डॉक्टर आला.

क्लीव्हलँडचा, हॅलिवेल नावाचा. कुठून तरी कळलं की प्रॅटरची एक काठी या बारमध्ये दर मंगळवारी खेळायला येते. मऊ ओव्हरकोट, मऊ हात. कॅझ तळलेला पर्च मासा खात होता, तेवढ्यात शेजारी येऊन बसला आणि काठी बघायला मागितली. खिशातून पांढरे हातमोजे काढले आणि घातले.

"तुम्ही हिने खेळता?" त्याने विचारलं.

"मग काय, सूप ढवळू?"

"नाही, म्हणजे... खडूचे डाग आहेत. दोऱ्यावर घाम आहे. तरी म्हणा, फार नुकसान नाही. सही शाबूत आहे." त्याने काठी उलटी करून शिंपल्याचे तुकडे निरखले. "तुम्ही जे दिलंत त्याच्या चौपट देतो. म्हातारा आता बंद करतोय, ठाऊक आहे ना? या हिवाळ्यानंतर नाही."

"घरी टेबल आहे का तुमच्या?"

"कसलं?"

"पूलचं."

डॉक्टर हसला. "मला खेळता येत नाही हो."

अशा माणसांचा राग येतो. त्यांनी काही वाईट केलेलं नसतं, पैसे देतात, थँक्यू म्हणतात, हातमोजे घालतात. आणि ज्या वस्तूचा जन्म मार खाण्यासाठी झाला तिला काचेत ठेवून तिच्यावर दिवा सोडतात. पण कॅझला त्या क्षणी राग आला नाही, हे खरं सांगायला हवं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. काठी काचेत गेली की खोटंही काचेत गेलं. झाकली मूठ. डॉक्टरने आपलं कार्ड ठेवलं आणि कॅझने ते खिशात घातलं.

शनिवारी सकाळी डोरीनने ते कार्ड आणि गोळ्यांची बाटली दोन्ही टेबलावर मांडली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची, चारशे पोरांना वाढायची, त्यामुळे एखादी गोष्ट लपवली की तिला वास यायचा.

"ही बाटली मागच्या महिन्यात भरलेली होती."

"दुखतं."

"अकरा वर्षं दुखत नव्हतं ते?"

कॅझने कॉफीत चमचा फिरवला. साखर घातलीच नव्हती.

"बोल ना. बाई आहे का कोणी? असली तर सांग, निदान तिच्यासाठी गोळ्या खातोयस एवढं तरी कळेल."

मग त्याने सांगितलं. सगळं. तास, काजळी, तिसरी गोळी. डोरीन शेवटी म्हणाली,

"म्हणजे तू त्या म्हाताऱ्याला दुसऱ्याच माणसाचं माप दिलंस."

"हो."

"आणि आता त्या माणसाच्या मापाचा व्हायला बघतोयस."

"हो."

"अरे, मी ज्याच्याशी लग्न केलं त्याचा हात सरळ होता. तो हात गेला तेव्हा मी नाही रडले, तूही नाही रडलास. आपण दोघं म्हणालो, चालेल. आता कशाला त्याला उकरून काढतोस?" ती उठली, कार्ड त्याच्या कपाखाली सरकवलं. "वीक नाहीतर ठेव. मला त्या काठीचं काही नाही. पण गोळ्या मी संडासात ओतणार आहे, आताच, तुझ्यासमोर."

आणि ओतल्या.

कॅझ त्याच सकाळी प्रॅटरकडे गेला. शेडमध्ये चूल पेटलेली होती, लाकडाचा आणि सरसाचा वास होता. छताला टांगलेले दांडे आता मोजकेच उरले होते. प्रॅटरने दारातच नळीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"वळली?"

"नाही."

"पेच ढिला झाला?"

"नाही. काठीला काही झालेलं नाही, मिस्टर प्रॅटर."

"मग शनिवारी सकाळी कशाला आलास? मी काठीशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नाही. बायकोशीही बोलत नव्हतो, बिचारी वैतागून गेली."

कॅझने कोट काढला. उत्तर द्यायचं सोडून तो टेबलाशी गेला, काठी जोडली, आणि कोंबडी झाला. कोपर बाहेर, हात पार पुढे पॉलिशवर, आखूड ठोसा. पहिला बॉल गेला, दुसरा काठी सरकल्यामुळे चुकला, तिसरा गेला. मग तो सरळ उभा राहिला, जितका राहता येईल तितका.

"हा मी," तो म्हणाला. "त्या दिवशीचा तो मी नव्हतो."

प्रॅटर बोलला तो अगदी हळू आवाजात, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"तू माझ्यासमोर तासभर खोटं बोललास."

"मी काही बोललो नाही."

"हाताने बोललास. तोंडाने खोटं बोलणारे मला रोज भेटतात, पण त्यांच्यासाठी मी लाकूड कापत नाही. हा मेपल मी एकसष्ट साली मिशिगनहून आणला. सव्वीस वर्षं ठेवला होता. त्या ओंडक्याचा शेवटचा तुकडा होता तो. कोणासाठी वापरला मी? जो माणूस जगात नाही त्याच्यासाठी."

"चुकलं."

"कशासाठी केलंस?"

"लाज वाटली."

"कोणाची?"

"तुमची."

प्रॅटरने डावा हात वर केला. मधली दोन बोटं पेरापासून नव्हती. कापलेल्या जागी कातडी जुनी, चकचकीत झाली होती.

"फाउंड्रीतली करवत. चोपन्न साली. तू तासभर माझ्यासमोर होतास व्रोबेल, मी तुझ्या हातात काठी दिली, काजळीचं भांडं दिलं. तुला दिसलं नाही?"

कॅझला खरंच दिसलं नव्हतं. तो तासभर फक्त स्वतःकडे बघत होता.

म्हातारा भिंतीकडे गेला. टोचलेल्या कागदांतून त्याने एक काढला, कॅझचं नाव असलेला, आणि खिडकीच्या उजेडात धरला. मागच्या बाजूला काळेकुट्ट डाग, पाच बोटं स्पष्ट. पण बऱ्याच पुढे, जिथे काही असायला नको, तिथे एक पुसट राखाडी खूण होती. एकदा, फार तर दोनदा हात पडल्यासारखी.

"दुखलं की तू पुढे सरकायचास," प्रॅटर म्हणाला. "मी हे त्याच दिवशी बघितलं होतं."

"मग?"

"मग काय. म्हटलं, खडू लावताना लागलं असेल." त्याने कागद टेबलावर ठेवला. "तुझा तो सरळ हात फार देखणा होता. मला शेवटची चांगली काठी देखण्या हातासाठी करायची होती. डाग दिसला आणि मी नाही बघितला. तेव्हा सगळा दोष तुझ्या डोक्यावर घेऊन जाऊ नकोस, अर्धा इथे ठेव."

चुलीत लाकूड फुटलं. कॅझने हॅलिवेलचं कार्ड काढून दाखवलं.

"हा मागतोय. चौपट देतो म्हणाला."

"दातवाला. त्याच्याकडे माझ्या चौदा काठ्या आहेत. एकीच्याही टोकाला निळा खडू लागलेला नाही. पाणी न लागलेल्या चौदा बोटी." प्रॅटर खुर्चीत बसला. "वीक. मी अडवणार नाही. शिव्या देईन, पण अडवणार नाही."

"नाहीतर काय करता येईल?"

"नाहीतर कापायची. मागून. चार इंच, साडेचार. मागचं वजन गेलं की तोल पुढे येतो, तुझ्या हाताखाली. मग दोरा सोडून पुढे गुंडाळायचा, त्या काळ्या टोकांवरून. टोकं झाकली जातील." तो थांबला. "शिंपला जाईल. माझी सही जाईल. आणि मागच्या भागात आत सांधा आहे, करवतीच्या धक्क्याने तो उघडला तर सगळी काठी गेली. दुसरी होणार नाही. लाकूड नाही, आणि मीही फार दिवस नाही या धंद्यात. हे सगळं करून जे राहील ते दिसायला भिकारडं असेल. बारच्या भिंतीवर टांगलेल्या काठीसारखं. कोणी हातमोजे घालून बघायला येणार नाही."

कॅझने काठी हातात घेतली. शिंपल्याच्या तुकड्यांवरून अंगठा फिरवला. त्याला हा मागचा भाग सगळ्यात जास्त आवडायचा, हे कोणाला सांगितलेलं नव्हतं. खेळून आल्यावर, हरून आल्यावर, तो तळघरात दिव्याखाली बसून तेवढंच बघायचा. त्याला वाटायचं, निदान ही एक गोष्ट माझ्या घरात बिनचूक आहे. डॉक्टरला विकली तर ती तशीच बिनचूक राहणार होती, कुठेतरी, कायमची, आणि कॅझ व्रोबेलसाठी केलेली म्हणूनच ओळखली जाणार होती. कापली तर कदाचित लाकडाचे दोन तुकडे घेऊन घरी जायचं होतं.

"कुठून कापायची ते कसं ठरवणार?" त्याने विचारलं.

"जसं आधी ठरवायला हवं होतं तसं." प्रॅटरने साधी काठी काढली, तिच्यावर नवा कागद गुंडाळला आणि चुलीच्या कडेची काजळी भांड्यात झटकली. मग त्याने आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि पाठ फिरवून बसला.

"तुम्ही बघणार नाही?"

"मागच्या वेळी दोघांनी फार बघितलं. खेळ. मी ऐकतो."

कॅझ खेळला. पहिली दहा मिनिटं हात अजून मागे जायला बघायचा, सात महिन्यांची खोड, आणि गोळी नसल्यामुळे प्रत्येक वेळी कोपरात सुरी फिरायची. मग हात दमला आणि आपल्या जागी आला. भिंतीकडून मधेच "हं" यायचं. कशाला, ते कळायचं नाही. तास संपला तेव्हा कागदावर काळा डाग एकाच जागी होता, आणि तो देखणा नव्हता. बोटं वाकडी, अंगठा बाहेर.

प्रॅटरने माप घेतलं, पेन्सिलीने रेघ मारली. शिंपल्याच्या पुढे अर्धा इंच. मग त्याने काठी करवतीच्या टेबलावर बसवली, बाजूने लाकडी ठोकळे लावले, घट्ट केले, आणि बाजूला झाला.

"मी केलेली काठी मी कापत नाही. मशीन लावून देतो. ढकलायचं तू."

"माझा हात..."

"तुझ्याच हाताने. वेळ घे. रेघेवर नजर ठेव, करवतीवर नाही."

करवत सुरू झाली. कॅझने काठी ढकलली. मेपल कापल्याचा गोड वास आला, साखर जळल्यासारखा. आवाज एकदा बदलला, खरखरीत झाला, पण कॅझने हात थांबवला नाही. तुकडा पलीकडे पडला. शिंपला, सही, सगळं. प्रॅटरने कापलेलं तोंड उजेडात धरलं, नखाने सांधा दाबून बघितला, जिभेचं टोक लावलं, पुन्हा दाबला.

"धरलंय," तो म्हणाला. बस, तेवढंच.

दुपारपर्यंत दोरा सुटला आणि पुढे गुंडाळला गेला. प्रॅटरची आठ बोटं त्या दोऱ्यावर अशी चालत होती की कॅझला लहानपणी आजी माळ जपायची ते आठवलं. काळी टोकं दोऱ्याखाली गेली. मागे रबराचं बूच बसलं. काठी आखूड, बसकी, शेपूट तुटलेल्या कुत्र्यासारखी दिसत होती. कॅझने ती उचलली आणि तोल त्याच्या तळहातात येऊन बसला. कोणी न सांगता, जणू तिथे जागा राखून ठेवली होती.

प्रॅटर पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला. बॉल रचलेले होते. कॅझने फोडले, एक घातला, दुसरा घातला. तिसरा सोपा होता, मधल्या खिशात, आणि तो चुकला. लाकडी कडेवर आपटल्याचा आवाज शेडभर झाला.

"गेला नाही तो," भिंतीकडून आवाज आला.

"नाही."

"काठीने चुकला की तू?"

कॅझने विचार केला. सात महिन्यांत त्याला हे एकदाही सांगता आलं नव्हतं. त्याने टेबलाकडे बघितलं, पांढऱ्या बॉलकडे, स्वतःच्या बाहेर काढलेल्या कोपराकडे.

"मी," तो म्हणाला. "घाई केली."

"बरं. परत रच."